बटईचं शेत वरून कसं दिसतं?

"शेत बटईने दिलंय आणि आम्ही पुण्यात. पिकाचं काय चाललंय ते उपग्रहावरून बघता येतं म्हणतात, ते खरं का?" जमीन गावाकडे आणि नोकरी शहरात असलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. पाठोपाठ दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात: "किती पोती झाली, तेही कळेल का?"

पहिल्याचं उत्तर होय. तेही फुकट, घरच्या संगणकावर. दुसऱ्याचं उत्तर नाही, आणि नजीकच्या काळात ते बदलेल असंही नाही. एकाच शेताबद्दलच्या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी वेगळी का, ते या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

1. आधी व्यवहार कोणता ते बघा

जमीन दुसऱ्याला कसायला द्यायच्या रीती मुख्यतः दोन. एकीत रक्कम आधीच ठरते. पश्चिम महाराष्ट्रात तिला खंड म्हणतात, विदर्भात मक्ता किंवा ठोका. पाऊस पडो न पडो, मालकाला ठरलेले पैसे मिळतात. दुसरी रीत वाट्याची, म्हणजे बटई: बी-खत आणि येणारं पीक दोघांत वाटून घ्यायचं, बहुधा निम्मं निम्मं.

खंडाने दिलेल्या शेतात उतारा किती आला याच्याशी मालकाचा संबंध नाही. त्याला बघायचं ते वेगळं. जमीन वर्षभर पडीक तर ठेवली नाही ना? मुदत पाडव्याला संपते, मग मार्चमध्ये शेतात ऊस कसा उभा आहे? पावसाळ्यात बांध फुटून ओघळ तर पडला नाही ना? या तिन्ही प्रश्नांवर उपग्रह चांगली मदत करतो. फुटलेला बांध थेट दिसला नाही, तरी त्याच्याखालचा पीक वाहून गेलेला पट्टा दिसतो.

बटईत प्रश्न बारीक असतात. पेरणी वेळेवर झाली का? बियाण्याचा दुसऱ्यांदा खर्च लावलाय, तर दुबार पेरणी खरोखर झाली का? काढणी कधी झाली? इथे उपग्रह काही ठिकाणी स्पष्ट बोलतो, काही ठिकाणी अर्धवट. आणि बटईतला जुना वाद, रास किती झाली आणि मोजताना कोण हजर होतं, त्यावर तो एक अक्षर बोलत नाही.

2. हिरवं म्हणजे नेमकं काय दिसतं?

सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणारे रंग असतात, तसा न दिसणारा भागही असतो. लाल रंगाच्या लगत पलीकडे असलेल्या भागाला निकट अवरक्त प्रकाश म्हणतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण अन्न तयार करायला हरितद्रव्याला तो लागतो. अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या रचनेवर आदळून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. पान पिवळं पडलं, की लाल प्रकाश जास्त परतू लागतो. पान सुकलं, की अवरक्त कमी होतो.

आपल्या देशात याचा पहिला गाजलेला प्रयोग नारळावर झाला. 1970 च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधल्या नारळबागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रं घेतली गेली आणि मूळकुज रोगाची झाडं त्यांत वेगळी उठून दिसली. पुढे 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए हा भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्याकडेही लाल आणि अवरक्त टिपणारे डोळे होते.

या दोन प्रकाशांवरून एक आकडा काढतात. त्याचं नाव एनडीव्हीआय. आपण त्याला हिरवेपणाचा आकडा म्हणू. हिशेब चौथीच्या मुलाला जमेल असा आहे: अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं.

उघड्या काळ्या रानातून शंभरपैकी 10 भाग लाल आणि 13 भाग अवरक्त प्रकाश परत आला असं धरा. फरक 3, बेरीज 23, आकडा 0.13. त्याच रानात ऑगस्टमध्ये सोयाबीनने जमीन झाकली. आता लाल 4 आणि अवरक्त 44. फरक 40, बेरीज 48, आकडा 0.83. सप्टेंबरअखेर पानं पिवळी पडली: लाल 10, अवरक्त 26, आकडा 0.44. शेत तेच, पण तीन तारखांना तीन आकडे. उपग्रहाकडून आपल्याला मिळतं ते एवढंच. बाकीचा अर्थ आपण लावायचा.

3. एक चौकोन, एक गुंठा

या कामासाठी सगळ्यात सोयीची चित्रं युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहमालिकेची. तिचा पहिला उपग्रह जून 2015 मध्ये गेला, दुसरा मार्च 2017 मध्ये, तिसरा सप्टेंबर 2024 मध्ये. 786 किलोमीटर उंचीवरून फिरताना त्यांतला कुठला तरी एक दर पाच दिवसांनी आपल्या शेतावरून जातो, सकाळी साधारण साडेदहाच्या सुमारास. लाल आणि अवरक्त प्रकाशात त्याला दिसणारा सर्वांत लहान तुकडा 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतो.

दहा गुणिले दहा म्हणजे 100 चौरस मीटर, सातबाऱ्यावरचा एक आर. गुंठा 101 चौरस मीटरांचा. म्हणजे चित्रातला एक चौकोन जवळजवळ एक गुंठा, आणि एकराचे चाळीस चौकोन. हे प्रमाण लक्षात ठेवलं, की चित्रातून काय मागावं आणि काय मागू नये ते कळतं. एका गुंठ्यात किती रोपं उगवली नाहीत हे तो सांगणार नाही. पाच एकरांतला अर्धा एकर मागे पडलाय, हे नक्की सांगेल.

अडचण येते ती कडांवर. बांधावरच्या चौकोनात थोडं सोयाबीन, थोडं गवत, पायवाट आणि लिंबाची सावली असं सगळं येतं आणि आकडा मात्र एकच मिळतो. पाट्यावर वाटलेल्या चटणीसारखं ते असतं: चव लागते, पण लसूण किती आणि खोबरं किती, ते वेगळं काढता येत नाही. म्हणून कडेचे चौकोन हिशेबातून सोडून द्यायचे.

सोडून दिल्यावर उरतं किती? पाच एकर रान 100 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब असेल, तर आडवे 10 आणि उभे 20 असे 200 चौकोन बसतात. कडेचे 56 वगळले, तरी 144 उरतात. एवढे पुरेसे आहेत. आता हेच पाच एकर भावकीच्या वाटण्यांत 20 मीटर रुंद आणि हजार मीटर लांब पट्टी होऊन आले असतील, तर रुंदीत दोनच चौकोन बसतात आणि दोन्ही कडेचे. क्षेत्र तेवढंच, पण स्वच्छ चौकोन एकही नाही. अशा पट्टीवर फुकटच्या चित्रांचा फारसा भरवसा धरू नये. तीन मीटर किंवा त्याहून बारीक दिसणारी विकतची चित्रं मिळतात, पण दोन-तीन एकरांसाठी तो खर्च परवडेलच असं नाही.

4. एका हंगामाचा आलेख

समजा, लातूर जिल्ह्यातलं पाच एकरांचं एक सलग रान आहे. बटईदाराने चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असं आंतरपीक घेतलंय. आतल्या चौकोनांची सरासरी काढली, तर आकडे साधारण असे येतील.

12 जूनला 0.14. रान मोकळं, पेरणी व्हायची आहे. 7 जुलैला 0.25. उगवण झाली, ओळी धरल्या, पण मधली माती अजून दिसते. मग महिनाभर ढग. 11 ऑगस्टला मधेच उघडीप मिळते आणि आकडा 0.81 वर गेलेला असतो; पीक फुलोऱ्यात आहे, जमीन झाकली आहे. 20 सप्टेंबरला 0.62, सोयाबीन पिवळं पडू लागलं. 5 ऑक्टोबरला 0.36.

इथे पुण्यात बसलेला माणूस म्हणेल, काढणी झाली. बरोबर. पण आकडा 0.15 पर्यंत का उतरला नाही? कारण तूर उभी आहे. 14 नोव्हेंबरला तो पुन्हा 0.55 वर येतो, कारण सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली तूर पसरते. जानेवारीत तूर वाळते, आकडा खाली येतो आणि खरीप संपतो.

प्रत्येक पिकाचा आलेख असा आपापल्या वळणाचा असतो. मूग-उडीद सत्तरेक दिवसांत उठतात आणि बसतात. कापूस सावकाश चढतो आणि डिसेंबरपर्यंत हिरवा राहतो. ऊस वर्षभर हटत नाही आणि तोड झाली, की एकदम कोसळतो. म्हणून एका तारखेच्या चित्रावरून पीक ओळखणं धोक्याचं असतं. हंगामभराचे आकडे ओळीने लावले, की ते बरंच सोपं होतं.

आकडा चांगला की वाईट, हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्याचं शेत. तीच माती, तोच पाऊस. शिवारभर 0.75 असताना आपलंच 0.50 असेल, तर विचारायला जागा आहे. शिवारच 0.50 वर असेल, तर पावसाने ओढ दिली असणार. त्यात बटईदाराचा काय दोष? दुसरा मार्ग आपल्याच शेताचं मागचं रेकॉर्ड. सेंटिनेलची चित्रं दहा वर्षं मागे जातात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची त्याहून खूप मागे, 1972 पर्यंत. तेव्हाची चित्रं ढोबळ आहेत, तरी विहीर पडण्याआधी रब्बीत रान कोरडं असायचं, हे त्यांतून कळू शकतं.

5. नेमका पावसाळा आणि नेमके ढग

आपल्याकडे खरिपाची पेरणी जूनमध्ये, काढणी ऑक्टोबरमध्ये, आणि ढगही त्याच चार महिन्यांत. जुलैची सहाच्या सहा चित्रं पांढरीफक येऊ शकतात. त्याहून फसवी असते ती ढगाची सावली. ढग बाजूला असतो, सावली आपल्या शेतावर पडते आणि आकडा अचानक घसरल्यासारखा दिसतो. एका तारखेला आकडा पडला आणि पुढच्या तारखेला पूर्ववत झाला, तर पिकाला काही झालेलं नसतं. म्हणून आकड्याआधी साधं रंगीत चित्र उघडून बघायची सवय लावावी.

ढगाआडून बघणारे उपग्रहही आहेत. ते स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतात आणि परत आलेला भाग मोजतात. युरोपचा सेंटिनेल-1 साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी वापरतो. ढग आणि रात्र दोन्ही त्याला आड येत नाहीत. साचलेल्या पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून लहर दुसरीकडे परावर्तित होते, त्यामुळे तुंबलेलं शेत त्याच्या चित्रात काळं दिसतं. अतिवृष्टीनंतर पाणी कुठे साचलं होतं, हे सांगायला त्याचा उपयोग होतो. भारत आणि अमेरिकेने मिळून बनवलेला निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो याच जातीचा, आणखी लांब लहरींचा, दर बारा दिवसांनी तीच जमीन पाहणारा. मात्र रडारचं चित्र वाचणं नवख्याला जड जातं. ओल, नांगरट आणि पीक या तिन्हींचा परिणाम त्यात एकत्र येतो.

मग दुबार पेरणी झाली की नाही, हे ढगाळ जुलैत कसं कळणार? थेट कळत नाही, पण मागाहून कळतं. दुबार पेरलेलं पीक दोन-तीन आठवडे उशिरा भरतं आणि तितकंच उशिरा पिवळं पडतं. शेजारची शेतं 20 सप्टेंबरला उतरणीला लागली आणि आपलं अजून हिरवंगार असेल, तर बटईदाराने लावलेला बियाण्याचा दुसरा खर्च खरा असण्याची शक्यता मोठी. म्हणजे हे चित्र त्याच्या बाजूनेही साक्ष देतं.

6. काय दिसत नाही

तण आणि पीक यांतला फरक दिसत नाही. कोळपणी न झालेलं गवताळ रानसुद्धा 0.80 दाखवेल. बघणारा खूश होईल, शेतात उभा असलेला कपाळाला हात लावेल.

रोगाचं नाव कळत नाही. पिवळा मोझॅक, पाण्याचा ताण आणि तुंबलेलं पाणी, तिन्हींनी आकडा पडतो. कोणत्या कोपऱ्यात आणि कधीपासून, एवढं दिसतं. का, ते पानं हातात घेऊन बघावं लागतं.

पोती तर मुळीच कळत नाहीत. सोयाबीनने जमीन पूर्ण झाकली, की आकडा 0.85 च्या आसपास जाऊन थांबतो. एकरी सहा क्विंटल देणारं आणि दहा क्विंटल देणारं शेत ऑगस्टमध्ये सारखंच हिरवं दिसू शकतं. उतारा ठरतो शेंगा भरताना पडलेल्या पावसावर, किडीवर आणि काढणीच्या वेळेवर. ऑक्टोबरच्या पावसात शेंगेतच दाणे फुटले, तर वरून काहीच वेगळं दिसत नाही, कारण पानं तोवर गळून गेलेली असतात.

सरकारही एकट्या उपग्रहावर विसंबत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भात आणि त्यामागोमाग गहू, यांच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाला किमान 30 टक्के वजन देण्यात आलं; उरलेला भार पीक कापणी प्रयोगांवरच राहिला. तो अंदाजही एका शेताचा नसतो, मोठ्या क्षेत्राचा असतो. हजारो शेतांच्या सरासरीत चुका एकमेकींना खातात. एका शेताला ती सोय नाही.

7. घरबसल्या कसं बघायचं

आधी एक गैरसमज दूर करू. गुगलच्या नकाशावर शेत, विहीर, गोठा स्पष्ट दिसतो, पण ते चित्र कित्येक महिने किंवा वर्षं जुनं असू शकतं. तिथे हिरवं दिसलं म्हणून आज पीक उभं आहे असं नाही.

ताजी चित्रं युरोपच्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मिळतात. नोंदणी मोफत. शेत शोधायचं, हद्द काढायची, तारीख निवडायची आणि हिरवेपणाचा थर लावायचा. हंगामभराचा आलेखही तिथे काढता येतो.

हद्द काढणं हेच यातलं नाजूक काम. राज्याच्या महाभूनकाशावर गटाचा नकाशा दिसतो, पण तो जुन्या मोजणीच्या कागदांवरून आलेला असल्याने उपग्रहचित्रावर तंतोतंत बसेलच असं नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मोबाइलमध्ये जागेची नोंद चालू ठेवून बांधाबांधाने एक चक्कर मारा. उघड्या रानात मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे चुकतो. म्हणून संगणकावर हद्द काढताना ती आतल्या बाजूला दहा मीटर घ्या. कडेचे चौकोन आपोआप गळतील. शेजारच्या दोन शेतांच्या हद्दीही तशाच काढून ठेवा.

8. फोन कसा करायचा

चित्र बघून झाल्यावर फोन होतो, आणि बरेच व्यवहार तिथे बिघडतात. "वरच्या बाजूला तुम्ही पेरलंच नाही, मला इथून दिसतंय," असं म्हटलं, की पुढचं सगळं बोलणं बचावाचं होतं. त्याऐवजी, "काका, लिंबाच्या बाजूला अर्धा एकर मागे दिसतोय. पाणी साचलं होतं का?" असं विचारलं, तर उत्तर मिळतं: "साचलं होतं ना. वरल्या शेतानं चारी बुजवली. तुम्हीच बोला त्यांच्याशी." आता मालकाच्या हातात खरं काम आलं.

बटईदाराची बाजूही समजून घ्यावी. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. विदर्भ-मराठवाड्याला त्यांचे स्वतंत्र कायदे होते. तेव्हापासून "कूळ लागेल" ही धास्ती मालकांच्या मनातून गेलेली नाही. म्हणून व्यवहार तोंडी होतात आणि काही जण दरवर्षी बटईदार बदलतात. लेखी करार नसला, की कसणाऱ्याला पीककर्ज अवघड, विमाही अवघड. 2021 पासून पीक पाहणीची नोंद मोबाइलवरून शेतात उभं राहून करता येते, पण नुकसानभरपाई बहुधा सातबाऱ्यावरच्या नावानेच येते. शेत कोण कसतंय, हे कोणताच उपग्रह सांगत नाही. ते कागदानेच सांगायचं असतं.

9. पाडव्याला ठरवायच्या गोष्टी

नव्या वर्षाची बोलणी पाडव्याच्या आसपास होतात. तेव्हाच चार गोष्टी ठरवून कागदावर घ्याव्यात. पहिली: शेताची चित्रं आपण बघणार आहोत, हे बटईदाराला सांगावं आणि तीच त्याच्या मोबाइलवरही पाठवावीत. दुसरी: चित्रावरून वाद निघाला, तर दोघांनी किंवा दोघांच्या विश्वासातल्या माणसाने शेतात जाऊन बघितल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत. तिसरी: अतिवृष्टी झाली, तर त्या आठवड्याची चित्रं आणि शेतातले फोटो दोघांनी जपून ठेवायचे, आणि भरपाई मालकाच्या खात्यात आली तर खर्चाच्या प्रमाणात वाटायची.

चौथी गोष्ट पोत्यांची. हिरवेपणाचा आकडा उतरू लागला, की काढणी दोन-तीन आठवड्यांवर आली हे पुण्यात बसून कळतं. त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकावा आणि मळणी यंत्र शेतात येईल त्या दिवशी स्वतः हजर राहावं. कट्टे तिथेच मोजून, वजन करून, वाटून घ्यावेत. जाणं जमत नसेल, तर बटईपेक्षा खंडाने देणं बरं. रक्कम आधी ठरते आणि मोजायला कुणी लागत नाही.